धड माझं, तोंड किसनचं

मला हे सांगायचं नव्हतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ग्यानोबाला मोठेपणाची हौस. शिल्पकला विभागाच्या थोरात मॅडम मागं लागल्या. म्हणाल्या, "काका, शिल्पफेरीचं पुस्तक काढतोय. किसनकाकांनी आठवणी दिल्या, तुम्हीही द्या." मी विचारलं, किसननं किती दिल्या? म्हणाल्या, भरपूर. मग मात्र बसलो लिहायला. चौथी पास माणूस आहे, चुकलंमाकलं तर दुरुस्त करा. पण किसनचं जेवढं छापाल त्याच्यापेक्षा माझं कमी छापू नका.

किश्श्यांना तर तोटाच नाही. मी विद्यापीठात माळी होतो. कडुनिंबाखाली सकाळी झाडून काढावं अन् दुपारी बघावं तर पुन्हा तेवढाच पाचोळा. हे तसंच आहे. मी, किसन अन् बाबूमिया वेल्डर, तिघंही रिटायर झालो, तरी कॅन्टीनमागच्या ओट्यावर रोज बसतो. एकानं झाडलं की दुसरा टाकतो. फरक एवढाच, की किसननं टाकलेल्या पाचोळ्याला आता लोक टाळ्या वाजवून राहिलेत.

*

नांदेडच्या आमच्या विद्यापीठात जागोजागी शिल्पं आहेत. काही दगडाची, काही सिमेंटची, काही भंगाराची. विभागातली पोरं करायची, अन् सर लोक जागा दिसेल तिथं उभी करायचे. जागा म्हणजे माझं लॉन. मॅडमनी दर रविवारी लोकांना ही सगळी फिरून दाखवायचं काढलं. सांगायला माणूस पाहिजे होता. किसन त्या विभागात शिपाई होता, सगळी शिल्पं त्याच्या डोळ्यांसमोर झाली, म्हणून त्याला गाईड केलं. गळ्यात माईक, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ला.

झाली असतील त्याच्या डोळ्यांसमोर. पण सिमेंटला पाणी कोण मारत होतं? माळीच मारत होता. ते कुणी विचारलं नाही.

मी दर रविवारी फेरीच्या मागं मागं चालतो. ऐकायला नाही. चुका काढायला.

लायब्ररीसमोर एक मोठा दगड आहे, मधोमध भोक पाडलेला. एका रविवारी किसननं सांगितलं, "ही आई हाय. पोटचं लेकरू शिकायला पुण्याला गेलं, परत आलं न्हाई. म्हणून ही पोकळी." दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या रविवारी त्याच दगडापाशी सांगितलं, "ही धरणी हाय. बोअर मारून मारून पाणी लागलं न्हाई." त्या दिवशी खेड्यातली मंडळी होती, त्यांनी माना हलवल्या.

मी मागून म्हणलो, "मागल्या आठवड्यात आई होती की रे."

किसन माईकमधून म्हणाला, "ग्यानबा, आठ दिवसांत माणूस बदलतो. दगडानं काय पाप केलं?"

टाळ्या. चूक मी काढली, टाळ्या त्याला.

*

एकदा लातूरहून रिटायर मास्तरांची बस आली. उतरल्यापासून त्यांचं एकच, आमच्या लातूरला असं काही नाही. किसन म्हणाला, तुमच्याकडं क्लास हायत की, पुतळ्यांवानी पोरं बसलेली असतात तिथं. मास्तर लोक खूश. ह्याला काहीही म्हणलेलं चालतं. मी म्हणलो असतो तर बस परत फिरली असती.

पुढं बाबूमियाचा पक्षी आहे. म्हणजे कल्पना पोरांची, वेल्डिंग बाबूमियाचं. सायकलच्या चेनी, फ्रीव्हील, पायडल, सगळं जोडून पंख पसरलेला पक्षी केलाय. एक गुरुजी त्याच्याभोवती फिरू लागले. वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं. किसनला वाटलं, कदर करणारा माणूस भेटला. त्यानं विचारलं, "काय बघून राहिले गुरुजी?"

"माझी सायकल ह्याच गावात चोरीला गेली होती," गुरुजी म्हणाले. "शेपटीतलं पायडल ओळखीचं वाटतं."

किसनचा माईक गप झाला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेवढ्यात बाबूमिया कुठून आला देव जाणे. म्हणाला, "गुरुजी, ले जाओ. पर पूरा पंछी ले जाना. अकेला पायडल नक्को, उडते वक्त बॅलन्स जाता उसका."

सगळी बस हसली. गुरुजींनी बाबूमियाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. लोकांच्या फोनमध्ये किसन आहे, बाबूमिया आहे, बाबूमियाचं पायडलसुद्धा आहे. मी नाही.

*

आता खऱ्या दुखण्यावर येतो.

मेन गेटमधून आत आलं की चौकात बळीराजा उभा आहे. सिमेंटचा. खांद्यावर नांगर, डावा पाय पुढं. आम्ही तरुण होतो तेव्हा कदम सरांनी केला. सर आता नाहीत. त्यांना नांगर घेऊन उभा राहणारा माणूस पाहिजे होता. मी मुदखेडकडचा, फुलांच्या मळ्यात राबलेला, खांदे हे असे. सरांनी मला बघितलं अन् उभं केलं. उन्हाळाभर उभा राहिलो. पाय, पोटऱ्या, पाठ, खांदे, गळ्यापर्यंत सगळं माझं झालं. अन् गळ्यापाशी आल्यावर एक दिवस सर म्हणाले, "ग्यानोबा, उद्यापासून तू नको. तोंड किसनचं घेतो."

मी विचारलं, माझ्या तोंडाला काय झालं?

सरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं अन् म्हणाले, "तुझ्याकडं बघून शेतकरी वाटत नाही रे. लाईट तोडायला आलेला माणूस वाटतो."

अन् किसन कोण? देवणीकडचा. गावाकडच्या नाटकात कामं करायचा. काम म्हणजे काय, दर नाटकात मरायचा. तो स्टुलावर बसला, सावलीत, चहा पीत. मी उन्हात नांगर पेलला अन् ह्यानं बसल्या बसल्या तोंड दिलं. पुतळा कुणाचा झाला? किसनचा. बघणारे तोंडच बघतात. एवढ्या वर्षांत एकानं तरी पोटऱ्या बघून म्हणावं, अरे, हा ग्यानोबा? एकानं नाही.

त्या दिवशी घरी जाऊन घरचीला सांगितलं. नवीन लग्न होतं आमचं. वाटलं, नवऱ्याच्या बाजूनं दोन शब्द बोलेल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं झालं."

त्या दोन शब्दांचा राग मला अजून आहे.

*

फेरीत बळीराजापाशी आलं की किसन टोपी काढतो. पुतळ्याशेजारी उभा राहून मान तशीच वळवतो, डोळे तसेच लांब लावतो. लोक एकदा पुतळ्याकडं बघतात, एकदा ह्याच्याकडं, अन् मग "अरे देवा" म्हणून फोन काढतात. केस पांढरे झाले तरी तोंड तेच आहे मेल्याचं.

एक रविवार मला सहन झालं नाही. पुढं झालो अन् म्हणलो, "किसन, खालचं कुणाचं हाय ते बी सांग."

"हां, इसरलोच," किसन म्हणाला. मला हाताला धरून पुढं घेतलं अन् माईकवर म्हणाला, "मंडळी, हे ग्यानोबा. हे आमचं धड."

लोक हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हणलो, "जरा धड बोल की."

"मी तोंड हाय, मी बोलणारच," किसन म्हणाला. "धडानं उभं राहायचं असतं."

त्या दिवसापासून सगळं कॅम्पस मला धडकाका म्हणतं. गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज विचारतो, "धडकाका, तब्येत धड हाय ना?" त्याची नोकरी माझ्या हातात नाही म्हणून वाचला.

*

विद्यापीठाच्या कार्यक्रमाला एकदा मोठे पाहुणे आले होते. नाव सांगत नाही, ते आता आणखी मोठे झालेत. गाडीतून उतरले, समोर पुतळा दिसला. पाहुण्यांना पुतळा दिसला की त्यांचे हात आपोआप हाराकडं जातात. एक हार होता, तो त्यांनी शिडीवर चढून बळीराजाच्या गळ्यात घातला. म्हणजे माझ्या गळ्यात. की किसनच्या? गळ्याचं अजून ठरलेलं नाही. खाली उतरून डोळे मिटले, हात जोडले अन् गंभीर आवाजात शेजारच्या सरांना विचारलं, "कधी वारले?"

पाहुणे नारळ घ्यायला वळले तर ताट धरून किसन उभा. तेच तोंड, तीच मान. पाहुणे दोन पावलं मागं सरकले.

किसन म्हणाला, "साहेब, मी अजून हाय."

हा किस्सा मी घरी जाऊन सांगितला. मुद्दाम तिखटमीठ लावून सांगितला, की किसनची कशी जिता असताना श्रद्धांजली झाली. घरची हसली नाही. आत गेली. दुसऱ्या दिवशी सणवार काही नसताना तिनं पुरण घातलं अन् डबा भरून किसनच्या घरी पाठवला. मी विचारलं, कशाबद्दल? म्हणाली, "असंच. भावजींना आवडतात."

मला बी आवडतात. मला उरलेल्या दोन मिळाल्या.

*

मागच्या वर्षी वारं सुटलं अन् चौकातल्या गुलमोहराची फांदी बळीराजावर पडली. मी पळत गेलो. धड जागच्या जागी. एक टवका उडाला नव्हता. मुंडकं मात्र गळ्यापासून सुटून गवतात पडलेलं. नाकाचा शेंडा गेला होता, एक कान गेला होता.

आता वाईट वाटायला पाहिजे. वाटलंही. पण आधी जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

बाबूमिया आला, वर बघितलं, खाली बघितलं अन् मला म्हणाला, "मुबारक हो ग्यानोबा, तेरा हिस्सा सलामत है."

दुरुस्ती होईपर्यंत मुंडकं ठेवायचं कुठं? विभागाची खोली गळत होती. किसन म्हणाला, माझं तोंड, मी घरी नेतो. रिक्षात घालून नेलंही. त्याच्या बायकोनं दारातच अडवलं. म्हणाली, "एका तोंडानं मी बेजार हाय. दुसरं आत आणलं तर मी माहूरला जाऊन बसते, परत येत न्हाई."

रिक्षा तशीच माझ्या दारात आली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात घरची म्हणाली, "ठेवा की भावजी. खातंय का पितंय." अन् तिनं कपाटावरची माझी ट्रंक खाली उतरवून तिथं किसन बसवला.

मग रोज सकाळी तिनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायचं. दुपारी माश्या बसतात म्हणून टॉवेल टाकायचा. टॉवेल माझा. मी जेवायला बसलो की समोर किसन. नाक तुटकं, पण बघणं तेच, लांब कुठं तरी, जसं माझ्या ताटातलं ह्याला नकोच आहे.

अमावस्येला मी बाहेरून आलो तर घरची स्टुलावर चढलेली. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. अन् किसनच्या मुंडक्यावरून ओवाळून राहिली होती. दृष्ट काढत होती त्याची! मी उंबऱ्यात उभा. म्हणलो, "माझी कधी काढली का?"

ती खाली उतरली. मिरच्या गॅसवर टाकल्या. म्हणाली, "तुमची काढायची वेळच येऊ दिली न्हाई."

मला ठसका लागला म्हणून पुढचं भांडण राहिलं.

*

त्या दिवसांत किसन लातूरला लेकीकडं जाऊन बसला. तोंड गेल्यावर माणूस तोंड लपवणारच. मॅडम माझ्याकडं आल्या. काका, ह्या रविवारी फेरी तुम्ही घ्याल का? मी दोनदा नको म्हणलो अन् तिसऱ्यांदा विचारायच्या आत माईक गळ्यात घातला.

भोकाच्या दगडापाशी गेलो. म्हणलो, "हा दगड. ह्याला भोक हाय. चला."

पक्ष्यापाशी म्हणलो, "हे भंगार. चला."

अन् बळीराजापाशी थांबलो. तिथं मुंडकं नाही, गळ्यातून गजाची टोकं वर आलेली. मी सांगितलं, "हा मी."

उदगीरकडची एक कॉलेजची पोरगी होती, ती हळू आवाजात म्हणाली, "काका, हे खांदे तुमचे?"

"होते."

मागं कुजबूज सुरू झाली. कुणी तरी म्हणलं, उन्हामुळं होतं असं, काकांना पाणी द्या. मग मात्र मी चप्पल काढली. माझ्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, जन्मापासून. कदम सर इमानदार माणूस, त्यांनी सिमेंटमध्ये तशीच चढवली होती. मी पाय चौथऱ्यावर पुतळ्याच्या पायाशेजारी टेकवला. म्हणलो, बघा.

अशी गर्दी झाली! वाकून वाकून बघितलं. फोटोवर फोटो. त्या पोरीनं माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला, तो करंगळीला की मला, ते कळलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रविवार.

पुढच्या आठवड्यात भाजीच्या गाड्यावर एक बाई माझ्या पायाकडं बघून थांबल्या. "नमस्कार काका, ओळखलं का?" म्हणाल्या. "तोंडावरून लक्षात नसतं आलं माझ्या."

*

शेवटी दुरुस्तीचं ठरलं. मुंडकं न्यायला मॅडम घरी आल्या. सोबत बाबूमिया अन् लातूरहून परत आलेला किसन. मुंडकं खाली उतरवलं. मॅडमनी नाकाची जागा बघितली, कानाची बघितली. म्हणाल्या, "तसंही बरंच नवीन करावं लागेल. मग काका, ह्या वेळी तोंडही तुमचंच घेऊ या का? अंग तुमचं आहेच."

मी किसनकडं बघितलं. ह्याच्यासाठी इतकी वर्षं थांबलो होतो, तर नीट बघून घेतलं. मग आरशाकडं गेलो अन् मिशी सारखी करून आलो.

घरची चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "न्हाई मॅडम. ह्यांचं तोंड नको."

मी म्हणलो, "तुला बी लाईट तोडणारा वाटतो का मी?"

ती पदर हाताला गुंडाळत उभी राहिली. किसन म्हणाला, "वहिनी, आता सांगून टाका. मी बी थकलो हे तोंड सांभाळून."

मग तिनं सांगितलं. माझ्याकडं बघून नाही, मॅडमकडं बघून. सर गळ्यापर्यंत आले होते तेव्हा ती माझा डबा घेऊन चौकात आली होती. मी पाण्याचा पाईप आणायला गेलेलो. तिनं पुतळा बघितला. तिच्या गावात एकच पुतळा होता, मेलेल्या माणसाचा. तालुक्याला होते तेही मेलेल्यांचे. "पुतळा मेल्याचा असतो," ती म्हणाली. "जित्याचं तोंड असं उभं केलं की ते माणसाला वढून घेतं. मी सरांचे पाय धरले. म्हणलं, हात घ्या, पाय घ्या, पाठ घ्या. ह्यांचं तोंड घेऊ नका."

"मग सर म्हणाले, दुसरं कुणाचं घेऊ?" हे किसननं सांगितलं. "मी तिथंच चहा घेऊन उभा होतो. मी म्हणलं, माझं घ्या. माझं तोंड नाटकात लई बार मेलेलं हाय. त्याला काय होत न्हाई आता."

मी बाबूमियाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हौ," बाबूमिया म्हणाला. "सब कू मालूम था. धड कू कौन बताता?"

चहा तसाच गार झाला. मॅडमनी परत तोंडाचा विषय काढला नाही. किसनचंच मुंडकं नेलं, नवीन नाक बसवलं, कान बसवला. बाबूमियानं गज जोडले. मी सिमेंटला पाणी मारलं.

आता रविवारी बळीराजापाशी किसन टोपी काढतो अन् म्हणतो, "तोंड माझं. बाकी ज्याचं हाय तो मागं उभा हाय. पुतळ्यापाशी त्याचं नाव घ्यायला घरून मनाई हाय." सगळे वळून बघतात. आधी पायाकडं बघतात, मग वर.

ओट्यावरचे लोक म्हणतात, ग्यानोबा, आता किसनला दोन शब्द गोड बोल. कशाला? सावलीत बसून चहा पीत होता, हे खोटं आहे का? अन् माझ्या घरातली गोष्ट माझ्याआधी त्याला माहीत, अन् तो माझ्याच पुरणपोळ्या खात खात गप बसला. त्याचं अन् माझं आम्ही बघून घेऊ.

पण माफीचं वेगळं आहे. मी दुसऱ्या दिवशी घरचीला म्हणलो, माफी माग. ती मेथी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "जिता ठेवला, त्याची मागू?"

हाव, त्याचीच. आमच्याकडं माणूस बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर नाही. पण मॅडम, पुस्तकात छापायचंच असेल तर हे मोठ्या अक्षरात छापा. जिनं माझी माफी मागायची राहिली आहे, ती रुक्मिण.